मशीनचं पहिलं पान

आमच्या दुकानातला पहिला लेझर प्रिंटर सेकंडहँड होता. फोर्टातल्या एका ऑफिसने नवीन घेतला आणि जुना काढून टाकला. माझ्या यजमानांच्या ओळखीतून तो लालबागला आमच्या गाळ्यात आला. दोघांनी धरून हातगाडीवरून उतरवला तेव्हा त्याच्या वजनानेच मला धीर आला. त्याआधी मी दहा वर्षं टाइपरायटर बडवला होता. माझं माहेर गिरगावातलं, घरात सगळे कारकून, त्यामुळे टायपिंगची परीक्षा देणं हे आमच्याकडे मुंजीसारखं ठरलेलंच. लग्न होऊन मी लालबागच्या चाळीत आले, आणि सासऱ्यांची गिरणी संपानंतर परत कधी धड सुरू झालीच नाही, म्हणून तळमजल्यावरच्या गाळ्यात आम्ही दुकान टाकलं. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिकांचे मजकूर, कॉलेजच्या मुलांचे प्रोजेक्ट, जे येईल ते.

सासरे माझ्याबरोबर दुकानात बसत. ते गिरणीत घडीखात्यात होते, म्हणजे विणून आलेलं कापड तपासायचं, घड्या घालायच्या, शिक्का मारायचा आणि पुढे पाठवायचं. संपात वर्षभर मालवणला गावी जाऊन राहिले, परत आले, दोन-तीन ठिकाणी वॉचमनगिरी केली, आणि शेवटी माझ्या दुकानात स्टुलावर स्थिरावले. कॉम्प्युटरला त्यांनी कधी हात लावला नाही, पण प्रिंटरशी त्यांचं पहिल्या दिवसापासून जमलं.

या प्रिंटरची एक सवय होती. बटण दाबून चालू केला की तो दोन मिनिटं घुरघुरायचा आणि कुणी काही न सांगता एक पान छापून बाहेर टाकायचा. वर कंपनीचं नाव, खाली इंग्रजीत मॉडेलचा नंबर, मेमरी किती, अक्षरांचे कुठले नमुने आत भरलेत त्याची यादी, मग फिकटापासून गडद होत जाणाऱ्या राखाडी पट्ट्या, आणि सगळ्यात खाली त्याने आजवर किती पानं छापली तो आकडा. सकाळी चालू केला की एक पान. वीज जाऊन आली की आणखी एक.

मला ते पान आवडायचं नाही. कागद फुकट, टोनर फुकट, आणि माणूस समोर अर्जासाठी ताटकळत उभा असताना मशीन आपलीच कुंडली मांडत बसतं. दुरुस्तीला येणाऱ्या मेकॅनिकला मी पहिल्याच भेटीत विचारलं, "हे बंद होतं का?"

"होतं ना मॅडम. मेनूमधे जाऊन ऑफ करायचं. करू?"

सासरे स्टुलावरून म्हणाले, "नको."

"का हो बाबा?" मी म्हटलं.

"मशीन उठला की आधी आपला तोंड दाखयता. वायट काय त्यात? आमच्याकडे कापडाच्या ताक्याचा पयला टोक बघितल्याशिवाय ताको पुढे जाय नाय." त्यांनी ते पान उजेडात धरलं आणि पट्ट्यांवरून बोट फिरवलं. "ह्या बघ, हय बारीक रेघ इली. ड्रम खराब होवक लागलो. गिऱ्हायकाच्या कागदावर येवच्या आधी तुका कळला."

मेकॅनिकने मान डोलावली. रेघ खरोखरच होती. त्याने वर आणखी सल्ला दिला, की खालचा आकडा रोज लिहून ठेवा, म्हणजे टोनर कधी संपणार त्याचा अंदाज येईल. त्या दिवसापासून सासऱ्यांना काम मिळालं. एका शंभर पानी वहीत ते रोज सकाळी तारीख आणि आकडा लिहायचे. पान मग रद्दीच्या चळतीत जायचं. मागची बाजू कोरी म्हणून गिऱ्हाइकांची नावं-गावं लिहून घ्यायला मी ती चळत वापरायचे. आठवडा झाला की सासरे उरलेला गठ्ठा सुतळीने बांधायचे आणि वर तारखांची चिठ्ठी खोचायचे. असं कशाला करता विचारलं तर म्हणायचे, सवय.

बंद करायचा विषय मी सोडला नव्हता, अधूनमधून काढायचे. पण दुकान त्यांच्या गाळ्यात होतं, आणि माणसाला एवढं एकच काम आवडीचं मिळालेलं, म्हणून मी जास्त ताणलं नाही.

मग गिरणी कामगारांच्या घरांच्या अर्जांचे दिवस आले. गिरण्यांच्या जागांवर घरं बांधायची आणि त्यातली काही कामगारांना द्यायची असं ठरल्यावर आमच्या भागातल्या जुन्या कामगारांच्या एका समितीने अर्ज गोळा करायला घेतले. परळ नाक्याजवळच्या एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर त्यांची खोली होती. अर्ज टाइप करून दोन प्रती न्यायच्या. एक ते ठेवून घेणार, दुसरीवर गोल शिक्का मारून पोच म्हणून परत देणार. टायपिंगला लोक आमच्याकडे येत. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, कुठून कुठून. कित्येकांनी मुंबई सोडून वीस-वीस वर्षं झालेली. हातात जुना बिल्ला, पगाराची चिठ्ठी, नाहीतर नुसतंच तोंडी, "साचेखात्यात होतो, दुसरी पाळी."

मुदत संपायच्या आधीच्या आठवड्यात रांग आमच्या गाळ्यापासून पार नाक्यापर्यंत गेली होती. त्यातच समोर टॉवरचं काम चाललं होतं. त्याला विजेची नवी जोडणी देत होते, म्हणून आमची वीज दिवसातून चार-चार वेळा जायची, कधी अर्ध्या मिनिटासाठी तर कधी तासाभरासाठी. कॉम्प्युटर यूपीएसवर होता. प्रिंटर त्यावर लावू नका असं मेकॅनिकने बजावलं होतं, म्हणून तो थेट भिंतीतल्या प्लगवर.

त्या दिवशी आलेला एक गृहस्थ मला नीट आठवतो, कारण तो ओरडून बोलायचा. पाटणकडचा, सत्तरीचा, साचेखात्यात, म्हणजे मागांवर, आयुष्य गेलेलं. मागाच्या आवाजाने कान गेलेले. कागद साडीच्या दुकानाच्या पिशवीत. मी विचारलेलं त्याला ऐकू जायचं नाही, मग सासरे त्याच्या कानाशी जाऊन सांगायचे आणि तो सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं उत्तर द्यायचा. टाइप करून झालं. मी दोन प्रतींची आज्ञा दिली आणि वीज गेली. आली. प्रिंटर घुरघुरला. परत गेली, परत आली. मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, लवकर करा, माझी एसटी आहे." मी पुढच्या माणसाचा बिल्ला हातात घेतला. ट्रेमधे बघितलं तर दोन कागद पालथे पडलेले. दोन प्रती. मी ते उचलले, छापलेली बाजू आत घेऊन घडी घातली आणि त्या गृहस्थांच्या हातात दिले.

थोड्या वेळाने ट्रेमधे त्यांच्याच अर्जाच्या दोन प्रती आल्या. मला वाटलं, वीज गेल्यामुळे मशीनने परत छापल्या. चळतीत टाकल्या आणि पुढच्या नावाला लागले.

पाच-सहा महिन्यांनी ते परत आले. दुपारची वेळ, दुकानात गर्दी नव्हती. तीच पिशवी. त्यांनी आतून प्लास्टिकच्या कव्हरात घातलेला कागद काढला आणि काउंटरवर ठेवला.

"ताई, यादीत माझं नावच न्हाई म्हणत्यात. ही बगा पोच. शिक्का हाय की नाय?"

शिक्का होता. कागदाच्या कोऱ्या बाजूवर, गोल, जांभळा. मी कव्हर उलटं केलं. दुसऱ्या बाजूला कंपनीचं नाव, मेमरी, राखाडी पट्ट्या.

मला दोन क्षण काही कळेना, आणि मग सगळंच कळलं. त्या दिवशी वीज दोनदा गेली, दोनदा आली. मशीनने आपली दोन पानं टाकली. मी तीच दोन्ही ह्यांना दिली. खरा अर्ज त्यांच्यामागून आला आणि मी तो रद्दीत टाकला. समितीच्या टेबलावर कुणी घडी उलगडून बघितली नसणार, गर्दीच तशी होती. एक पान त्यांनी ठेवून घेतलं, दुसऱ्याच्या पाठीवर शिक्का हाणला. हा माणूस सहा महिने मशीनचं पान जपून बसला होता.

"समितीत काय म्हणाले?" मी विचारलं. सासऱ्यांनी कानाशी जाऊन सांगितलं.

"म्हणत्यात, ह्यावर तुमचं नाव कुठं हाय? म्हटलं, इंग्रजीत आसंल. तर हसली पोरं."

मी उठून काउंटरच्या बाहेर आले, त्यांना खुर्ची दिली आणि सांगितलं, की चूक माझी आहे. हा तुमचा अर्ज नाही. हे मशीन चालू केल्यावर निघणारं पान आहे. ते सांगताना मलाही ओरडावं लागलं, आणि शेजारच्या मसाल्याच्या गिरणीतला माणूस कांडप थांबवून बघायला आला.

गृहस्थ रागावतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी कव्हर उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाले, "म्हंजी माझा अर्ज गेलाच न्हाई?"

"नाही गेला."

"मग मी घरी काय सांगू?"

नवीन अर्ज मी तिथल्या तिथे करून दिला असता, पण मुदत केव्हाच टळली होती. त्यांनी मुदतीच्या आत अर्ज दिला होता हे दाखवायला शिक्का होता, पण त्या शिक्क्यात तारीख नव्हती, आणि कागदावर नाव नव्हतं. आपण कुठल्या दिवशी आलो तेही त्यांना सांगता येईना. "आखाड होता," एवढंच.

सासरे काउंटरपाशी आले. त्यांनी कव्हर स्वतःकडे ओढलं, चष्मा लावला आणि पानाच्या तळाशी बोट ठेवलं. "पंचेचाळीस हजार सहाशे बारा," ते म्हणाले. मग वही काढली.

एका सकाळच्या तारखेपुढे पंचेचाळीस हजार पाचशे एकाहत्तर होते. दुसऱ्या दिवशीच्या सकाळी पंचेचाळीस हजार सहाशे अठ्ठ्याण्णव. म्हणजे पान या दोन सकाळींच्या मधलं. मुदत संपायच्या चार दिवस आधीचं. पोटमाळ्यावरून त्यांनी त्या आठवड्याचा गठ्ठा उतरवला, सुतळी सोडली आणि आम्ही दोघं जमिनीवर बसून एकेक कागद उलटायला लागलो. गृहस्थ खुर्चीतून बघत होते. मधेच ते सासऱ्यांना म्हणाले, "तुमी कुठल्या खात्यात?"

"घडी," सासरे ओरडून म्हणाले.

"तरीच. आमच्या कापडात चुका काढणारी माणसं तुमी."

"तुमी चुका करीत होतात म्हणान काढीत होतंव."

दोघंही हसले. मला हसू येत नव्हतं. निम्मा गठ्ठा संपल्यावर अर्ज सापडला. दोनपैकी एकच प्रत होती, मागे माझ्या हाताने कुणाकुणाचे गिरणीतले तिकीट नंबर लिहिलेले. पण पुढे त्यांचं नाव, गाव, गिरणी, खातं, आणि खाली टाइप केलेली तारीख. वहीतलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान बंद ठेवून आम्ही तिघं समितीच्या खोलीवर गेलो. तिथे अर्ज बघणारे काका पूर्वी गिरणीत टाइमकीपर होते. माणसं किती वाजता आत गेली नि किती वाजता बाहेर आली हे लिहिण्यात त्यांची नोकरी झाली होती. मी घडलं ते क्रमाने सांगितलं. चूक माझी, हे आधी. मग वही, पान आणि अर्ज समोर ठेवला. त्यांनी तिन्ही गोष्टी दोनदा बघितल्या. मग उठले आणि कपाटातून एक दोरी बांधलेली फाइल काढली.

"नाव नसलेले, फाटलेले, कुणाचे ते न कळलेले असे कागद आम्ही यात ठेवतो," ते म्हणाले. "फेकायचं धाडस होत नाही."

त्यात ते होतं. तसंच पान, तशाच पट्ट्या, घडीची खूणही तशीच. तळाशी आकडा पंचेचाळीस हजार सहाशे तेरा.

काकांनी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली. बारा आणि तेरा. "एकाच मशीनची, एकामागोमाग," ते स्वतःशीच म्हणाले. मग गृहस्थांकडे वळून मोठ्याने, "अहो, तुम्ही वेळेत आला होतात!"

"मी तेच सांगतोय की कवापासनं!" गृहस्थ म्हणाले.

सरकारकडे पुरवणी यादी जायची बाकी होती. काकांनी त्यांचं नाव त्यात घातलं, माझ्याकडून काय झालं त्याचं लेखी घेतलं, आणि वहीच्या त्या पानाची झेरॉक्स जोडली. जिना उतरताना गृहस्थांनी सासऱ्यांचा हात धरला होता. खाली आल्यावर ते मला म्हणाले, "ताई, तुमी येवडं आलात." मला ते लागलं. न येऊन कसं चाललं असतं?

घरी जेवताना सासरे खुशीत होते. "बघितलंस? पान होता म्हणान माणूस वाचलो."

"बाबा, पान नसतं तर माणूस बुडालाच नसता."

"तुया बघूक व्हया होता."

"बघायला हवं होतं, मान्य. पण मी नाही बघितलं. उद्याही एखाद्या दिवशी नाही बघणार. रांग असते, वीज जाते, मीही माणूसच आहे. आणि ज्याच्या हातात पडतं त्याला वाचता येत नाही. मशीनमधून छापून आलंय, इंग्रजीत आहे, आकडे आहेत, म्हणजे ते खरं, असं त्याला वाटतं. न मागता असा कागद बाहेर टाकणारं मशीन दुकानात नको."

"आणि ड्रमची रेघ? ती कशी कळतली?"

तो मुद्दा बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी मी मेकॅनिकला बोलावून ते पान बंद करून घेतलं. सासऱ्यांना न विचारता. ते दोन दिवस दुकानात आले नाहीत, वर खोलीत बसून राहिले, खालून चहाही मागवला नाही. तिसऱ्या दिवशी आले तेव्हा वही काखेत होती. मेकॅनिकने मला एक गोष्ट दाखवून ठेवली होती, की मेनूमधे जाऊन दोनदा बटण दाबलं तर हवं तेव्हा तेच पान काढता येतं. मी त्यांना ते बटण दाखवलं.

"म्हणजे सांगितला तरच?"

"सांगितलं तरच."

त्यांनी दाबलं. पान आलं. त्यांनी ते उजेडात धरून पट्ट्या बघितल्या, आकडा वहीत उतरवला, आणि मग पानावर पेनाने आडवी मोठी फुली मारून चळतीत टाकलं. फुलीची कल्पना त्यांची. मला ती सुचली नव्हती. पुढे मशीन असेपर्यंत हे असंच चाललं. रोज सकाळी एक पान, पण माणसाने मागितलेलं. ते बरोबर होते की मी, यावर आमचं एकमत कधीच झालं नाही. पाहुणे आले की ते नंतरही सांगायचे, पानाने माणूस वाचवला. मी स्वयंपाकघरातून म्हणायचे, आधी बुडवला ते पण सांगा.

मला मात्र एक नवीन सवय लागली. कुणालाही कागद देताना मी तो उलगडून, नावावर बोट ठेवून, त्यांना वाचून दाखवायला लागले. त्याने रांग हळू सरकायची. लोक कुरकुरायचे. एक मुलगा म्हणाला, "मावशी, मला वाचता येतं." मी म्हटलं, "येऊ दे, तरी ऐक."

त्या गृहस्थांचं नाव घरांच्या पहिल्या सोडतीत निघालं नाही. दुसऱ्याही नाही. दरवेळी ते पाटणहून यायचे, गावकीच्या, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक खोलीत उतरायचे आणि यादी लागल्यावर दुकानात येऊन सासऱ्यांशेजारी बसायचे. दोघं गिरण्यांवर वाद घालायचे, विणणाऱ्याची चूक की तपासणाऱ्याची. तिसऱ्या सोडतीत नाव निघालं. त्यानंतरचे सोपस्कार त्यांच्या पुतण्याने केले, आणि कागद सगळे माझ्याकडेच टाइप झाले.

घराचा ताबा मिळाल्यानंतर एकदा ते आले. सासरे त्या वर्षी गावी होते, त्यामुळे आम्ही दोघंच. मी चहा मागवला आणि घर कसं आहे म्हणून कानाशी ओरडून विचारलं.

"एकुणिसावा मजला," ते म्हणाले. "लिफ्ट हाय. पाणी दोन्ही येळंला येतं."

"आवडलं का?"

त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकून प्यायला. "पुतण्याला आवडलंय. मी ऱ्हातो आठ दिस, मग जातो गावाला. तितं माज्या वळखीचं कोन न्हाई, ताई. पन नाव दारावर हाय माजं. पाटी केलीया."

मग त्यांनी विचारलं, पाटीवर नावाखाली गिरणीतल्या खात्याचं नावही घालावं का. पुतण्या म्हणत होता, कशाला. मी म्हटलं, घाला.